पाचव्याला खोकला

आमच्या चौकात माझ्या सासऱ्यांचा फ्लेक्स लागला, त्या वेळी सासरे आत मोरीत ओकत होते.

बाहेर चौकातला कार्यकर्ता रणजीत शिडीवर चढून दोऱ्या आवळत होता आणि आत सासूबाई नवऱ्याची पाठ चोळत खुशीत म्हणत होत्या, "निघू द्या, निघू द्या. इतक्या वर्सांची घाण हाय, ती निघणारच." मी तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला आहे. बॅग खांद्याला लावून एक पाय घरात, एक दारात अशी मी उभी होते. मला असं अर्धवट उभं राहता येत नाही. मी एक तर निघते, नाही तर भांडते.

"आई, डॉक्टरला दाखवायला हवं," मी म्हणाले.

"डॉक्टरला? आगं, भायेर फ्लेक्स लागलाय आन तू त्यांना दवाखान्यात न्हेतीस? लोक काय म्हनतील?"

मी निघाले. जाता जाता फ्लेक्स बघितला. सासऱ्यांच्या कुठल्याशा ओळखपत्रावरच्या फोटोला रणजीतने निळा ब्लेझर चढवला होता. आयुष्यात ज्या माणसाने खाकी शर्टाशिवाय काही घातलं नाही, तो फ्लेक्सवर एखाद्या बिल्डरसारखा दिसत होता. 'व्यसनावर मात! मा. जयसिंग ओव्हाळ यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक रणजीत, त्याचा फोटो सासऱ्यांपेक्षा मोठा. भोसरीत पोरगा दहावी झाला तरी फ्लेक्स, नवी गाडी घेतली तरी फ्लेक्स, काहीच झालं नाही तर वाढदिवस असतोच. पण दारू सोडल्याचा हा आमच्या चौकातला पहिला. आणि सोडून जेमतेम एक रात्र झाली होती.

सासऱ्यांना मी पप्पा म्हणते. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ते लेथवर टर्नर आहेत. लोखंडाचा तुकडा मशीनच्या चकात आवळायचा, तो गरगर फिरत असताना त्याला हवा तसा आकार द्यायचा, हे काम त्यांनी जन्मभर केलं. दारूही जन्मभरच. सकाळी कामावर जाण्याआधी थोडी, दुपारच्या सुट्टीत थोडी, संध्याकाळी पोटभर. पण ते कधी गटारात पडले नाहीत, कुणावर हात उगारला नाही, पगार घरी आणला. त्यामुळे आमच्या घरात 'पितात' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. 'घेतात जरा' म्हणायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा हे 'जरा' सकाळी अंघोळीआधी सुरू होतं हे मला कळायला बराच वेळ लागला.

दर रविवारी सगळं घर विहारात वंदनेला जातं. पंचशील म्हणताना पप्पांचा आवाज सगळ्यांत खणखणीत. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, चारही शीलं छातीतून यायची. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते आलं, की पप्पांना खोकला यायचा. बरोबर पाचव्याला यायचा आणि ते संपलं की थांबायचा. विहारातली पोरं त्यासाठी टपून बसायची. मीही ओढणी तोंडावर धरून हसलेली आहे, खोटं कशाला बोलू? माणूस खोटी शपथ घ्यायला लाजतो म्हणून खोकतो, असा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

मग पौर्णिमेच्या कार्यक्रमात रणजीतने माइकवर जाहीर केलं, "आज आपले जयसिंगदादा सर्वांसमोर दारू सोडण्याची शपथ घेणार आहेत!" पप्पांना आधी विचारलं होतं का, ते मला अजून कळलेलं नाही. ते उठले, बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभे राहिले आणि पाचवं शील न खोकता पूर्ण म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. मीही हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. मला खरंच आनंद झाला होता.

त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागेना. दर थोड्या वेळाने फोन करत होते. "हातपाय थरथरतायत," सासूबाई म्हणाल्या. मग, "घाम फुटलाय." मग, "झोप लागंना." प्रत्येक वेळी शेवटी एकच, "पन एक थेंब मागितला न्हाई बग!" त्यात एवढा अभिमान होता, की मला ओरडायचं होतं ते मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी माझा नवरा धम्मरत्न चाकणच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून आला आणि पप्पांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. सोबत सासूबाई. मी संध्याकाळी घरी पोचले, तर पप्पांच्या हाताला सलाइनची चिकटपट्टी आणि घरात समाधान.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"अशक्तपणा आहे म्हणाले. सलाइन लावलं. ताकदीच्या गोळ्या दिल्या."

"आणि दारूचं?"

धम्मरत्न बूट काढत होता, तो काढतच राहिला. "विचारलं त्यांनी, दारू घेतात का म्हणून. आई म्हणाली, आमच्यात कुणी पीत नाही. बाहेरचा फ्लेक्स वाचला नाही का?"

"म्हणजे खोटं सांगितलं?"

"खोटं काय त्यात? शपथ घेतलीये ना त्यांनी? आज पितात का? नाही!"

"धम्मा, आजचं कोण विचारतंय? परवापर्यंत सकाळ-दुपार-संध्याकाळ प्यायचे, हे त्या डॉक्टरला कोण सांगणार? तुझा रणजीत?"

"हळू बोल. भिंती पातळ आहेत."

आमच्या घरात भिंतींचा फार विचार होतो. मी भांडी आपटली, त्याने टीव्ही मोठा केला. आणि पप्पा पलंगावर बसून गोधडीवरून काहीतरी वेचत होते. चिमटीत धरायचे, खाली टाकायचे, पुन्हा धरायचे.

"काय वेचताय, पप्पा?"

"कीस पडलाय लोखंडाचा. पायात घुसंल कुनाच्या."

गोधडीवर काहीही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "कामाची आठवन येतीय त्यांला."  मी मात्र फोनवर शोधायला लागले आणि वाचत गेले. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. मी तो फोन धम्मरत्नच्या नाकासमोर धरला. तो म्हणाला, "नेटवर वाचलं तर सर्दीचाही कॅन्सर होतो." मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाणार नाही असं सांगून टाकलं.

सकाळ झाली, तर पप्पा कामावर गेले होते.

म्हणजे घरातच. भिंतीकडे तोंड करून उभे. डावा हात एका हँडलवर, उजवा दुसऱ्यावर. एक गोल फिरवायचे, दुसरं हळूच पुढे सारायचे, मान वाकडी करून डोळा बारीक करायचे, चिमटीने जाडी बघायचे. कपाळावरून घाम धारेने गळत होता. समोर भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर. पण त्यांच्या हातांना मशीन दिसत होती आणि ती पूर्ण वेगात होती.

सासूबाई चहा घेऊन आल्या, क्षणभर बघत राहिल्या आणि हसल्या. "आगं बाई, कामावर जायाची घाई झालीय! बरं वाटतंय जनू."

मी पुढे झाले, त्यांच्या कपाळावर हात ठेवायला. त्यांनी असा काही झटका दिला, की मी कपाटावर आदळले.

"हात काढ! येडी का काय तू? चक फिरतोय न्हवं! बोटं जातील!"

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. पण समोर कुणाचा तरी हात आहे आणि तो मशीनपासून वाचवायचा आहे, एवढं त्यांना कळत होतं. मी तिथेच रडायला लागले. भीतीनेही आणि त्यांची फार माया आली म्हणूनही.

मग मी डोळे पुसून १०८ला फोन लावला.

अ‍ॅम्ब्युलन्सचं नाव काढताच घर पेटलं. धम्मरत्न म्हणाला, रिक्षाने नेऊ, मागच्या गल्लीतून. सासूबाई म्हणाल्या, जरा थांबू, उतरंल. तेवढ्यात रणजीत आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. "वहिनी, रविवारी सत्कार ठरलाय दादांचा. नगरसेवक येणारेत. आता सायरन वाजवत नेलं, तर चौकात काय मेसेज जाईल?"

"रणजीतभाऊ, मयतीचा पण फ्लेक्स तुम्हीच लावता ना?" मी म्हणाले. "मग तो छापायला टाकायचा का, सांगा."

 सासूबाईंच्या हातातला चहा सांडला.

अ‍ॅम्ब्युलन्स आली आणि चौकातच अडकली. रणजीतने फ्लेक्स गल्लीच्या तोंडावर आडवा आणि इतका खाली बांधला होता, की गाडीच्या टपावरचा दिवा त्यात गुंतत होता. ड्रायव्हर हॉर्न देत होता, लोक गॅलऱ्यांत जमले होते, मी खालून ओरडत होते, "कापा तो!" रणजीतला कापवेना. शेवटी त्यानेच बांबू आणून फ्लेक्स वर उचलून धरला. आत येतानाही आणि पप्पांना घेऊन बाहेर जातानाही. स्ट्रेचरला बांधलेले पप्पा आतल्या आत हँडल फिरवत आपल्याच ब्लेझरखालून गेले.

पिंपरीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. नाडी बघता बघता त्यांनी विचारलं, "दारू घेतात?"

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. सवयीनेच.

"घेतात," मी म्हणाले. "रोज. पौर्णिमेला एकदम सोडली."

धम्मरत्नने माझा दंड दाबला. डॉक्टरीणबाईंनी आमच्या तिघांकडे पाळीपाळीने पाहिलं. "मला एकच उत्तर द्या. त्यावर औषध ठरणार आहे. हे हाताने काय करतायत?"

"लेथ चालवत्यात," सासूबाई म्हणाल्या. आणि बोलता बोलता त्यांचा बांध फुटला. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "त्यांचं हात लई थरथरायचं, बाई. सकाळी उठलं की कपबशी धरता येत नसं. आन काम मशीनवर. एकदा बोट चकात जाता जाता वाचलं. तवापासून मीच डब्याच्या पिशवीत बारकी बाटली भरून द्यायची. घोटभर घेतली, की हात थिर व्हायचं. बोटं ऱ्हायला पायजेत म्हून दिली हो मी. बोटं ऱ्हायला पायजेत म्हून."

माझी सगळी भांडणं तिथल्या तिथे आटली. रोज सकाळी या बाईने भाजी-भाकरीशेजारी ती बाटली ठेवली आणि रोज संध्याकाळी नवऱ्याची दहा बोटं परत आली का ते बघितलं. कुणाला सांगणार होती ती?

डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. नर्सला भराभर इंजेक्शनं सांगितली, पप्पांचे हात मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधायला लावले, मग सासूबाईंच्या शेजारी उकिडव्या बसल्या. "मावशी, ऐका. हात दारूने थिर व्हायचे, पण बरे होत नव्हते. मेंदूला दारूची इतकी सवय झाली होती, की ती नसली की तो बिथरायचा. ते थरथरणंच आजार होतं. आणि आता एकदम बंद केल्यावर तो पुरता बिथरलाय."

"पन शपथ घेतली व्हती..."

"शपथ चांगली आहे. पण माडीवरून खाली यायचं, तर जिन्याने यायचं ना? यांनी उडी मारली. आम्ही इंजेक्शनं-गोळ्यांनी पायरी पायरी उतरवतो."

"त्या गोळ्या म्हंजी बी नशाच न्हवं?"

"त्या थोडे दिवस, कमी कमी करत, आमच्या देखरेखीखाली. नंतरची औषधं वेगळी. आणि बोलायला, बसायला माणसं लागतात. एकट्याचं काम नाही हे."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगायला मला आवडणार नाही. वॉर्डच्या बाहेरच्या बाकावर बसवत नव्हतं आणि घरी जाववत नव्हतं. पप्पा शिव्या देत, मध्येच हळू आवाजात वर्कशॉपच्या मालकाशी बोलत, मध्येच डोळे मिटून पडत. मी पाण्याच्या बाटल्या भरत राहिले, भरलेल्याच पुन्हा भरल्या. एका सकाळी गेले तर पप्पा पलंगावर बसलेले, हात मांडीवर. मला बघून म्हणाले, "मिनल, कपाटावर आदळलीस व्हय गं तू? का सपान पडलं मला?"

"सपानच," मी म्हणाले.

"लागलं का?"

"नाही."

त्यांनी हात पुढे केले, आपलेच आपण बघत राहिले. थोडे थरथरत होते. पण हे थरथरणं वेगळं होतं, दमल्याचं.

घरी आल्यावरही सगळं सुरळीत झालं असं नाही. ते गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. संध्याकाळ झाली की चप्पल शोधायचे आणि मग चप्पल हातात घेऊन नुसते उभे राहायचे. सासूबाई त्या वेळी त्यांना मुद्दाम शेंगा निवडायला बसवायच्या. ठरलेल्या दिवशी दवाखान्यात जायचं, तिथल्या खोलीत गोल बसून इतरांचं ऐकायचं. एकदा परत येताना म्हणाले, "डॉक्टरीण म्हनली, घसराय बी हुतं. घसरलं तर लपू नका म्हनली, उठून हितं या." मी हो म्हणाले, पण रात्रभर त्या 'घसराय बी हुतं'ने मला झोपू दिलं नाही. खरं सांगते, अजूनही ते चप्पल घालून बाहेर गेले, की मी घड्याळ बघते.

सत्कार पुढे ढकलला गेला होता, पण रणजीत सत्कार कधी सोडतो? पप्पा जरा सावरल्यावर एका रविवारी त्याने विहारात माइक लावला. शाल आणली. नगरसेवक आले नाहीत, त्यांचा माणूस आला. फ्लेक्स चौकातून काढून विहाराच्या भिंतीला लावला, एका कोपऱ्यात दिव्यात अडकून फाटला होता तो तसाच.

पंचशील सुरू झालं. पप्पा पहिल्या रांगेत, मी आणि सासूबाई बायकांच्या बाजूला. पहिलं झालं, दुसरं झालं. त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता. पाचवं आलं, तसं सगळ्या विहाराने कान टवकारले. सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

पप्पा हळू आवाजात पाचवं म्हणाले. अडखळले, पण म्हणाले.

आणि त्यांच्या शेजारून खोकला आला.

भिमाजी होता तो. पप्पांच्याच वर्कशॉपमधला वेल्डर, आमच्या मागच्या गल्लीतला. त्याच्याकडे आजवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पप्पांच्या खोकल्यात त्याचा खोकला खपून जात होता. आज तो एकटाच पडला. पोरं फिदीफिदी हसली.

रणजीतने संधी साधली. "जयसिंगदादांचा आदर्श घेऊन आज आपले भिमाजीभाऊसुद्धा शपथ घेतील! टाळ्या!" दोघांनी भिमाजीला काखेत हात घालून उठवलंसुद्धा. टाळ्या सुरू झाल्या. भिमाजीचा चेहरा राखेसारखा झाला. फोटोकडे बघून त्याने हात जोडले. जोडलेले हात थरथरत होते. मला ते दिसलं. मी उठणार, तोच पप्पा उठले.

त्यांनी भिमाजीचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि खाली केले.

"आज सोडू नगंस, भिमा."

टाळ्या कुठल्या कुठे गेल्या. रणजीतला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "दादा, काय म्हणताय? माइक चालू आहे!"

"असू दे चालू." पप्पा वळले. शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यांनी काढून खुर्चीवर ठेवली. "मी शपथ घेतली, एकदम बंद केली आन मरायला टेकलो. घरात मशीन दिसाय लागली मला. डॉक्टरनं इचारलं, पितो का, तर आमी सांगितलं, न्हाई. का? तर भायेर ह्यो लागला व्हता." त्यांनी फ्लेक्सकडे बोट केलं. "बायकूची चूक न्हाई. पोराची न्हाई. लाज वाटली समद्यांला. मला बी."

सासूबाईंनी मान खाली घातली नाही. मी बघितलं, त्या सरळ बसल्या होत्या.

"सकाळी हात थरथरत्यात ना?" पप्पांनी भिमाजीला विचारलं. माइक लांब होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

 भिमाजीने होकारार्थी मान हलवली.

"मग आपल्या मनानं बंद करू नगंस. उद्या सकाळी माझ्यासंगं दवाखान्यात चल. रोजची पिऊन आलास तरी चालंल. फकस्त तिथं इचारलं, की खरं सांग. किती, कवा, समदं. बाकीचं त्या बगत्यात."

"लोक..." भिमाजी एवढंच म्हणाला.

"लोक हायत की हितं. आयकलं समद्यांनी. आता काय ऱ्हायलं लपवायला?"

 रणजीत माइक हातात धरून उभा, त्याला काय जाहीर करावं सुचत नव्हतं. मला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल, पवित्र जागी हे काय बोलणं म्हणून. कुणी ओरडलं नाही.

तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलं.

हसणारी पोरं मागे वळून बघायला लागली. मग खांबापलीकडून आणखी एक खोकला आला, दबका, जुना. सासूबाईंनी माझा हात सोडला.

पप्पांनी त्या दिशेला पाहिलं. कोण ते त्यांना बहुतेक आधीच माहीत असावं.

"तुमी बी या," ते म्हणाले. "रिक्षात मावनार न्हाई. बसनं जाऊ."